भरती नसलेला समुद्र : संगणकावरची लढाई आणि उत्तर कोकणातली मोहीम

दिवाळीत आमच्या केळव्याच्या घरी अंगणात किल्ला होतो. माती वाडीतली, दगड किनाऱ्यावरचे, तटाच्या उतारावर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. मुलीचा मुलगा वसईहून येतो आणि हे काम त्याच्याकडे असते. गेल्या दिवाळीत तो आपल्या वर्गमित्राला घेऊन आला. दोघांनी दीड दिवसात किल्ला उरकला, मावळे पायऱ्यांवर आडवेतिडवे टाकले आणि पडवीत लॅपटॉपसमोर जाऊन बसले. मी रागावलो. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अंगणातला किल्ला अर्धवट टाकून पडद्यावरची लढाई खेळणारी मुले बघवत नाहीत. रागाच्या भरात मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि तिथेच खुर्ची ओढून बसलो. पुढचे आठ दिवस रोज बसत राहिलो. हा लेख त्या आठ दिवसांतून निघाला आहे.

खेळ चालतो कसा

या प्रकाराला ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’, म्हणजे खऱ्या वेळेत खेळायची रणनीती म्हणतात. न खेळलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर आपण उंचावरून तिरके पाहत असतो. सुरुवातीला एक मध्यवर्ती इमारत आणि चारसहा गावकरी आपल्या ताब्यात असतात. काहींना लाकूड तोडायला पाठवायचे, काहींना शिकारीला, काहींना खाणीवर. जमा झालेल्या मालातून घरे, बराकी, तोफखाना उभारायचा, सैनिक तयार करायचे आणि समोरच्याचे ठाणे पाडायचे. समोरचाही त्याच वेळी हेच करत असतो. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याची खेळी होईपर्यंत आपण थांबतो. इथे कोणी कोणासाठी थांबत नाही. तुम्ही तटबंदी न्याहाळत बसलात तर तेवढ्यात तिकडे दोन शिपाई वाढलेले असतात.

युद्धाचा खेळ करण्याची कल्पना अर्थातच संगणकाहून जुनी आहे. बुद्धिबळ आपल्याकडचेच. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा ‘क्रीग्सश्पील’ तयार केला. १८२४ नंतर तो तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात गेला. त्यात एक पंच असे आणि समोरच्याचे सैन्य कुठे आहे हे तो लगेच सांगत नसे. संगणकावर या प्रकाराचा ठरीव साचा ‘ड्यून २’ने १९९२ मध्ये घातला. १९९४ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’, १९९७ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’, १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आला. दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीची लढाई घेणारा ‘कंपनी ऑफ हीरोज’ २००६ चा.

पंचाचे काम आता धुके करते. नकाशाचा जो भाग आपल्या माणसांनी पाहिलेला नाही तो काळा राहतो, आणि पाहून सोडलेला भाग करडा होतो. तिथे आता काय चालले आहे ते कळत नाही. क्लाउझेविट्झ या प्रशियन सेनानीच्या मृत्यूनंतर, १८३२ पासून, त्याचा युद्धशास्त्रावरील ग्रंथ छापला गेला. युद्धातल्या अनिश्चिततेला त्यात धुक्याची उपमा आहे. ती उपमा आता तेरा वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात आली आहे. ‘आजोबा, धुकं हटवायला एक घोडेस्वार पाठवतो,’ असे नातू सहज म्हणतो.

केळव्याचा नकाशा

मुले ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ खेळत होती. २००५ च्या या खेळात पोर्तुगीज ही एक स्वतंत्र बाजू आहे. २००७ च्या पुरवणीत भारतीय, चिनी आणि जपानी या बाजू आल्या. ‘मराठे’ अशी वेगळी बाजू त्यात मिळत नव्हती. ‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ च्या खेळात मराठे आहेत, पण तिथे मोहीम आळीपाळीने चालते आणि प्रत्यक्ष लढाई तेवढी खऱ्या वेळेत होते. मुलांना तो पसंत नव्हता.

मी म्हटले, पोर्तुगीज आहेत ना, मग केळवे करा. या खेळात स्वतःचा नकाशा बनवण्याची सोय आहे: जमीन उचलायची, पाणी ओतायचे, झाडे लावायची, बुरूज ठेवायचे. दोघांनी मोबाइलवर उपग्रहाचे चित्र उघडले आणि कामाला लागले. उत्तरेला तारापूर, मग शिरगाव, माहीम, केळवे, दांड्याची खाडी, तिच्या पलीकडे भवानगड, आणखी दक्षिणेला वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा आणि शेवटी वसई. पूर्वेला डोंगरात अशेरी. सुरूच्या बागेऐवजी ताड लावले, कारण अठराव्या शतकात इथे सुरू नसणार, असे नातवाने स्वतःच ठरवले. इतिहासाच्या मास्तराला याहून काय हवे?

अडचण आली ती केळव्याच्या पाणकोटाशी. हा लहानसा कोट समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला चारी बाजूंनी पाणी असते. मुलांनी किनाऱ्यापासून कोटापर्यंत जमिनीची पट्टी टाकली, तर पाणकोट भुईकोट झाला. पट्टी काढली, तर ते बेट झाले आणि जहाजाशिवाय तिथे कोणी पोहोचेना. या खेळातले पाणी कायम पाणीच राहते आणि जमीन कायम जमीन. समुद्राला भरती नाही. नातू शेवटी वैतागून म्हणाला, ‘आजोबा, यात काहीतरी एक खोटं बोलावंच लागतं.’

लक्ष्मीपूजनाच्या पहाटे मी दोघांना किनाऱ्यावर नेले. आमच्याकडची जुनी रीत अशी, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण ओहोटी त्याआधी सहा तास, पहाटे पाचच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच लांब मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची चढउतर कमी. ओल्या वाळूतून कोटापर्यंत चालत गेलो. परतताना मी त्यांना विचारले: तुमच्याजवळ पन्नास माणसे आहेत, दोन शिड्या आहेत आणि पाणी परत यायला अडीच तास आहेत. कोणत्या तिथीला निघाल? दोघे बराच वेळ गप्प होते. मग पाहुणा म्हणाला, ‘अष्टमीला नाही.’

तीन घड्याळे

त्या दिवसापासून आमची खरी चर्चा सुरू झाली. या खेळाच्या नावातच ‘खरी वेळ’ आहे. पण त्यातली वेळ सर्वत्र आणि सर्वांना सारखी आहे. पहिले मिनिट आणि चाळिसावे मिनिट यांत फरक नाही. उत्तर कोकणात १७३७ ते १७३९ या काळात मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात जी मोहीम झाली तिच्यात वेळ अशी नव्हती.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून दोनशे वर्षे हा पट्टा उत्तर फिरंगाण म्हणून त्यांच्याकडे होता. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. तिथला किल्ला तेव्हा बांधून पुराही झालेला नव्हता. साष्टी हाती आली, अर्नाळ्याचे बेट घेऊन तिथे नवा किल्ला सुरू झाला. खेळाच्या भाषेत ही उत्तम सुरुवात. समोरच्याची भिंत पुरी होण्याआधी धडक मारा, हे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. पण मार्चनंतर दोनच महिन्यांत पावसाळा येतो. खंदकात पाणी भरते, दारू ओली होते, बैल चिखलात रुततात. दुसरीकडे गोव्याहून येणाऱ्या गलबतांनाही समुद्र बंद होतो. म्हणजे चार महिने दोन्ही बाजूंचे हात बांधलेले, पण दोघांचे वेगवेगळ्या दोरीने. त्या वर्षी वसईवर केलेले हल्ले फसले. त्या हिवाळ्यात माहीमचा वेढाही फसला. समुद्राकडून कुमक आली आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. भवानगड याच मोहिमेतला. आघाडीवर आपले ठाणे उभारण्याची ही युक्ती मुलांना लगेच ओळखीची वाटली.

मोहीम पुरी व्हायला दोन वर्षे का लागली, हा नातवाचा प्रश्न होता. त्याला सलग दोन वर्षे लढाई चाललेली दिसत होती. मी पाटीवर महिने लिहून दाखवले. दर वर्षी वापरण्याजोगे सात-आठ महिनेच. त्यातही माणसे आणि पैसा इतरत्र गुंतलेला. माहीमचा पहिला वेढा चालला त्या हिवाळ्यात बाजीराव भोपाळला निजामाला कोंडत होते. १७३९ च्या फेब्रुवारीत कर्नाळच्या रणात नादिरशहाने मोगलांचा पराभव केला आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. वसईच्या तटाखाली सुरुंग खणले जात होते तेव्हा उत्तरेतून ही वार्ता येत होती. खेळाडूला एकच पट सांभाळायचा असतो. चिमाजी अप्पांना सांभाळायच्या पटाचे एक टोक गोव्यात होते. तिथे व्यंकटराव घोरपडे यांनी मडगावपर्यंत धडक देऊन पोर्तुगीजांना जागीच अडकवले, म्हणून उत्तरेला पुरेशी मदत जाऊ शकली नाही.

जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक पडली. तारापूर सहज पडले नाही. सुरुंग उडवून, तटाला शिड्या लावून ते घ्यावे लागले. बाजी भिवराव रेठरेकर तिथे मारले गेले. मग वसई. तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला सुरुंगांनी तट फोडला आणि भगदाडातून हल्ले झाले. अखेर किल्ला शरण आला. पंधरा-वीस दिवस तो आणखी टिकता, तर पाऊस पडला असता. दोन्हीकडच्या माणसांना हे ठाऊक होते. त्या शेवटच्या हल्ल्यांतली निकड याने थोडी समजते.

शरणागतीची तारीख कोणती? इथे तिसरे घड्याळ येते. काही पुस्तकांत ती ५ मे आहे, काहींत १६ मे. चूक कोणाचीच नाही. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुने पंचांग वापरत, पोर्तुगीज नवे, आणि दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. मराठ्यांच्या पत्रांवर चांद्रमासाची तिथी. पेशवे दफ्तराचा गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेला सोळावा खंड याच मोहिमेच्या कागदांचा आहे. तो चाळताना दिसते, की तिथी, भरती आणि पाऊस ही एकाच हिशेबाची अंगे होती. ज्याचे पंचांग चंद्रावर चालते त्याला तारखेतच भरती कळते. हे मला इतकी वर्षे शिकवूनही सुचले नव्हते. ते पाणकोटाच्या वाळूत सुचले.

माल आणि माणूस

खेळातल्या संपत्तीचा हिशेब स्वच्छ आहे. अन्न, लाकूड आणि नाणे. पुरेसे साठले की वस्तू मिळते, नसेल तर मिळत नाही. उधारी नाही. वसईत काय झाले पाहा. कोंडीत सापडलेल्या पोर्तुगीजांनी मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी १५ हजार रुपये कर्ज दिले, पण चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण घेऊन. वेढ्यात सापडलेला किल्ला पगार आणि दाणागोटा भागवण्यासाठी तोफाच गहाण टाकतो, हा डाव कोणत्याही खेळात मांडलेला मी पाहिला नाही. मराठ्यांचीही अवस्था वेगळी नव्हती. पेशव्यांच्या डोक्यावर सावकारांचे कर्ज नेहमीचेच होते.

धुकेही वेगळे होते. खेळात घोडेस्वार पाठवला की काळोख आपोआप उजळतो. ठाण्याच्या बाबतीत ते काम अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांनी केले. धर्माच्या जाचामुळे ते पेशव्यांकडे गेले. वाटा, उतार, कोणत्या बाजूला तट अपुरा आहे, ही माहिती अशा माणसांकडून येते. ती देणारा घरदार पणाला लावून देतो. खेळातला घोडेस्वार मेला तर दुसरा मिळतो.

माणसाची किंमत हा खेळातला मला सर्वांत खटकलेला भाग. गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात. पोर्तुगीज गावकऱ्याला १०० अन्न पडते, भारतीय बाजूच्या गावकऱ्याला १०० लाकूड. मी पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा हसलो, मग हसू थांबले. मोहिमेच्या इतिहासातही मी याहून फार वेगळे शिकवले नव्हते. ‘इतके पडले, इतके जखमी’ असे आकडे फळ्यावर लिहून पुढच्या मुद्द्याकडे गेलो होतो. बाजी भिवरावांचे नाव राहिले, कारण ते सरदार होते. शिडीवर त्यांच्या मागे कोण होते हे मी वर्गात कधी विचारलेही नाही.

मी कोणत्या रंगाचा?

नकाशा पुरा झाला. बाजू वाटायची वेळ आली. नातवाने मराठ्यांना नारिंगी रंग दिला, पोर्तुगीजांना लाल. मग तो मित्राला म्हणाला, ‘तू लाल घे.’

पाहुणा वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरातला. त्याने लॅपटॉप पुढे ओढला नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आजोबा, आमचं आडनाव पोर्तुगीज आहे. पण घरात आम्ही कादोडी बोलतो. शाळेच्या गॅदरिंगला मी मावळा झालो होतो. मग मी कोणत्या रंगाचा?’

नातू खजील झाला. त्याच्या मनात काही नव्हते. कोणीतरी लाल घ्यायचाच होता आणि समोर एकच जण होता. पण प्रश्न त्याला विचारलेला नव्हता, मला विचारला होता. ‘१७३९ मध्ये आपण केळवे घेतले’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल! ते केळव्यात बसून उच्चारताना ‘आपण’ म्हणजे कोण, असे मनात आले नाही. घेणारे बाहेरून आले होते, राखणारे त्याहून लांबून. ज्यांच्या वाडीतून मोर्चे खणले गेले ते पाणमळेवाले, भंडारी, मांगेले इथलेच. त्यांतले काही दोनशे वर्षांत ख्रिस्ती झाले होते, बरेचसे झाले नव्हते. कादोडी बोली वसईच्या सामवेदी ब्राह्मणांचीही आहे आणि सामवेदी ख्रिस्त्यांचीही. धर्म बदलला तरी बोली राहिली. खेळाच्या पटावर मात्र प्रत्येक आकृतीला एकच रंग लागतो.

मी त्याला एवढेच सांगितले, की वसईच्या तहात शरण आलेल्या सैन्याला हत्यारांसह, मानाने जाऊ दिले होते आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना धर्म पाळण्याची मोकळीक दिली होती. म्हणजे जिंकणाऱ्यांनाही हे माहीत होते, की इथे राहणारा प्रत्येक ख्रिस्ती फिरंगी नाही. त्याने ऐकून घेतले. समाधान झाले असे मला वाटले नाही, आणि ते इतक्यात व्हावे असेही वाटले नाही.

पोलंडमधल्या खेळकर्त्यांनी २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ नावाचा खेळ काढला. साराजेव्होच्या वेढ्यावरून त्यांना तो सुचला. त्यात सैनिक आपल्या हातात नसतात. पडक्या घरात अडकलेली चारदोन सामान्य माणसे जगवायची असतात. मी मुलांना त्याबद्दल सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोघांनी केळव्याच्या नकाशात तिसरा खेळाडू घातला होता. हिरव्या रंगाचा. त्याला सैन्य नाही. फक्त गावकरी, मळे आणि दोन होड्या. नारिंगी आणि लाल, दोघांशीही त्याचे संबंध ‘तटस्थ’ ठेवले होते.

आता अडचण नवी होती. नकाशा बनवताना कोण कधी जिंकला हे खेळाला सांगावे लागते. लाल ठाणे पडले की नारिंगी जिंकला, ठाणे टिकले की लाल जिंकला. हिरवा कधी जिंकतो? दोघे माझ्याकडे बघत होते. मी म्हटले, तुम्हीच ठरवा, तुमच्या गावांचा प्रश्न आहे.

बराच वेळ वाद झाला. होड्या वाचल्या तर, असे एकाचे म्हणणे. सगळी माणसे जिवंत राहिली तर, असे दुसऱ्याचे. अखेर त्यांनी घड्याळ लावले आणि अट लिहिली: पाऊस पडेपर्यंत एक तरी मळा उभा राहिला, तर हिरवा जिंकला, मग ठाण्यावर निशाण कोणाचेही असो.

दुपारी ते दोघे तो डाव खेळायला बसले. हिरवा कोणी घ्यायचा यावर पुन्हा भांडण झाले, कारण या वेळी तो दोघांनाही हवा होता. शेवटी तो मला दिला. मला माऊस नीट धरता येत नाही, म्हणून माझे गावकरी बराच वेळ एकाच झाडाशी उभे होते. सतराव्या मिनिटाला माझा शेवटचा मळा गेला. तो नारिंगी सैनिकांनी तुडवला की लाल तोफेने उडवला, हे तिघांपैकी कोणालाच सांगता आले नाही. त्या बाजूला आमचे कोणी उरले नव्हते आणि तिथे धुके पसरले होते.